‘सुट्टे आहेत का?’ – मुलांना पैसे मोजायला शिकवताना

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे लेखी रूप)



कमिटीने मला विचारलं, “बाई, तुम्ही इतकी वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंत, रौप्यमहोत्सवात मुलांसाठी आणि पालकांसाठी काहीतरी बोला.” विषय मीच निवडला. सेक्रेटरींना तो जरा विचित्र वाटला. म्हणाले, “पैसे मोजणं? आता कोण मोजतंय पैसे? सगळं मोबाइलवर!” मी म्हटलं, म्हणूनच.

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. या पंचवीस वर्षांत इमारतीला तीनदा रंग लागला, पण पैशाचं रूप त्याहून जास्त वेळा बदललं. आपण इथे राहायला आलो तेव्हा चार आण्याचं नाणं चालत होतं. 30 जून 2011 नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी व्यवहारातून गेली. 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र तर कुणीच विसरणार नाही. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं. दोन हजारांची नोट आली आणि मे 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने ती चलनातून मागे घ्यायचं ठरवलं. आज आपला भाजीवाला, दूधवाला, चांभार, अगदी देवळातली दानपेटीसुद्धा क्यूआर कोड लावून बसली आहे.

सोय झाली, यात शंका नाही. मीही वापरते. पण एक गोष्ट घडली आहे. आपण लहान होतो तेव्हा पैसे आपल्या हातातून जात होते. किराणा आणायला आई नोट द्यायची, आपण यादी द्यायचो, वाणी आपल्यासमोर मोजून पैसे परत करायचा, घरी आलं की आई पुन्हा मोजायची. बेरीज, वजाबाकी, हिशेब, खरंखोटं, सगळं त्या दहा मिनिटांत व्हायचं आणि कुणी शिकवतंय असं वाटायचंही नाही. आजच्या मुलाला फक्त ‘टिंग’ ऐकू येतं आणि पेटीतून बाईचा आवाज येतो. पैसे किती गेले, किती उरले, हे त्याच्या डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही.

इथे बसलेल्या सत्तरी-पंचाहत्तरीच्या मंडळींना आणखी जुना काळ आठवत असेल. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे एका रुपयाच्या 192 पै! चवली, पावली, अधेली, ढब्बू पैसा, भोकाचा पैसा. मग 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. 1964 मध्ये त्यातला ‘नवे’ गेला. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, त्यामुळे एकदोन आण्यांचा व्यवहार कधीच पुरता जुळायचा नाही. त्या पिढीचं तोंडी गणित पक्कं झालं ते काही उगाच नाही. ‘सोळा आणे खरं’ हा शब्दप्रयोग तेवढा उरला. मी मध्यंतरी एका चौथीतल्या मुलाला विचारलं, सोळा आणे म्हणजे काय? तो म्हणाला, “सोळा जण आले!”

आता मुद्द्यावर येते. पैसे मोजणं मोठ्यांना सोपं वाटतं, पण लहान मुलाच्या दृष्टीने ती अवघड गोष्ट आहे. का ते बघा. पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे एकीकडे रुपयाची चार नाणी ठेवा आणि दुसरीकडे पाचाचं एकच नाणं. जास्त पैसे कुठे? बरीच मुलं चार नाण्यांकडे बोट दाखवतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. आपणच त्यांना शिकवलेलं असतं की गोट्या मोजा, पेन्सिली मोजा, एका वस्तूला एक आकडा. पैशात हा नियम मोडतो. इथे एकच वस्तू पाच असते, एकच कागद पाचशे असतो. एका वस्तूत अनेक दडलेले असतात हे कळणं, ही पहिली पायरी. ती घाईने ओलांडता येत नाही.

त्यात आपली नाणी! एकाच किमतीची चार-पाच तऱ्हेची नाणी चालतात. काही वर्षांपूर्वीची हाताच्या मुद्रांची नाणी आठवा. रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं, आणि आकाराने दोन्ही जवळजवळ सारखी. भल्याभल्यांची फसगत व्हायची, मग दृष्टिहीन माणसांनी काय करायचं? त्यांचा विचार करून 2019 मध्ये नवी मालिका आली. त्यात किंमत वाढेल तसा आकार वाढतो आणि वीस रुपयांचं नाणं बारा कोनांचं आहे. मुलांना हे डोळे मिटून ओळखायला लावा. पिशवीत नाणी घालायची, हात आत घालायचा आणि बाहेर न काढता सांगायचं, हे पाचाचं, हे दहाचं. मुलं तासभर खेळतात.

नोटांचंही तसंच. नोट म्हणजे मुलांसाठी चित्रांचं पुस्तक आहे. दहाच्या तपकिरी नोटेवर कोणार्कचं सूर्यमंदिर, वीसच्या नोटेवर आपलं वेरूळ, पन्नासच्या निळ्या नोटेवर हंपीचा दगडी रथ, शंभराच्या जांभळ्या नोटेवर गुजरातेतल्या पाटणची राणी की वाव, दोनशेच्या पिवळ्या नोटेवर सांचीचा स्तूप आणि पाचशेच्या नोटेवर लाल किल्ला. मागच्या बाजूला भाषांची पट्टी असते, त्यात पंधरा भाषा. मुलांना सांगा, यातली मराठी ओळ शोधून दाखव. पुढच्या बाजूला देवनागरी आकडाही असतो, तोही शोधू दे. इंग्रजी माध्यमातल्या आपल्या नातवंडांना देवनागरी अंक वाचायला लावायचा यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

आता दुसरी अडचण सांगते, आणि ही खास आपल्या घरची आहे. मंडईत मावशी म्हणते, “एकोणसाठ झाले.” आपला सातवीतला मुलगा आपल्याकडे बघतो, “आई, एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन?” हसू नका, घरोघरी हेच आहे. मराठी आकड्यांची रचनाच मुलांना आधी उलटी वाटते. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी म्हणतो, वीस मागून. लिहिताना मात्र 2 आधी. आणि ‘एकोण’ म्हणजे एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ करत एकोणनव्वदपर्यंत गाडी सरळ जाते आणि नव्व्याण्णवला रूळ बदलते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतं ना? त्या वेळी गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. वाद काहीही असो, त्यामागची अडचण खरी होती. जोडाक्षरांनी भरलेली आपली संख्यानावं मुलांना जड जातात.

माझं म्हणणं असं की वर्गात काही म्हणा, पण बाजारात चालतो तो ‘एकोणसाठ’च. तो कानावर पडल्याशिवाय येणार नाही. तेव्हा मुलांना मंडईत न्या. आणि एकोणची गंमत त्यांना सांगून ठेवा: “एकोण ऐकलं की पुढचा दहाचा आकडा धर आणि एक काढ.” एकोणसाठ, म्हणजे साठातून एक गेला. पैसे देताना तर हे फार उपयोगी. साठ दे, एक परत घे. झालं!

तीच गोष्ट सव्वा, दीड, पावणेदोन आणि अडीचची. भाजीवाला म्हणतो, “पावणेदोनशे द्या.” मुलाला वाटतं दोनशेच्या आसपास काहीतरी. पावणेदोनशे म्हणजे 175, सव्वाशे म्हणजे 125, अडीचशे म्हणजे 250, साडेतीनशे म्हणजे 350. आपल्या आजोबा-पणजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज ते पाठ करा असं मी म्हणणार नाही, पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सहा शब्द मुलांच्या जिभेवर असायलाच हवेत. घरात शंभराच्या दोन नोटा आणि थोडी चिल्लर घेऊन बसा आणि सांगा, “सव्वाशे काढ. आता दीडशे कर. आता पावणेदोनशे.” प्रत्येक वेळी पंचवीस वाढतात हे मूल स्वतःच ओळखतं. आपण सांगायचं नाही. त्याच्या चेहऱ्यावर ते उमटलेलं बघायचं.

मोजण्याची शिस्त अशी. आधी मोठं, मग लहान. मुलं हातात येईल ते नाणं उचलून मोजतात आणि मध्येच गोंधळतात. त्यांना आधी ढीग करायला लावायचे: शंभराच्या नोटा एकीकडे, पन्नासच्या एकीकडे, वीसच्या, दहाच्या, मग नाणी. मग मोठ्या नोटेपासून चढत जायचं: शंभर, दोनशे, अडीचशे, दोनशे सत्तर, दोनशे ऐंशी, पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी. मोजून झालेलं डाव्या बाजूला सरकवायचं. बँकेतला कॅशियर बघा, न मोजलेलं आणि मोजलेलं कधी एकत्र होऊ देत नाही.

आता येते खरी कला, सुट्टे परत देण्याची.

शाळेत आपण काय शिकवतो? शंभर वजा त्रेसष्ट. शून्यातून तीन जात नाहीत, शेजारून हातचा घ्या, शेजारीही शून्य, मग त्याच्या शेजारून. मुलं कागदावर कशीबशी करतात. पण कुठल्याही वाण्याला असं करताना पाहिलंय का? तो वजाबाकी करतच नाही, तो चढत जातो. त्रेसष्टचा माल, शंभराची नोट. तो म्हणतो, “त्रेसष्ट,” मग दोन रुपयांचं नाणं ठेवतो, “पासष्ट,” पाचाचं ठेवतो, “सत्तर,” दहाची, “ऐंशी,” वीसची, “शंभर.” किती दिले? हे त्याला कदाचित विचारल्यावरच मोजावं लागेल, पण चूक होत नाही. आणि गंमत म्हणजे घेणाराही बरोबर मोजत असतो. दोघांचा हिशेब एकाच वेळी तपासला जातो.

मुलांना ही रीत शिकवा. आधी जवळच्या दहापर्यंत जा, मग जवळच्या शंभरापर्यंत, मग नोटेपर्यंत. समजा 263 चं बिल आहे आणि पाचशेची नोट दिली. 263 वरून 270 ला जायला सात. 270 वरून 300 ला जायला तीस. 300 वरून 500 ला दोनशे. दोनशे सदतीस. हातचा नाही, कागद नाही.

थोड्या मोठ्या मुलांना ‘शंभराच्या जोड्या’ शिकवा. 63 आणि 37, 48 आणि 52, 71 आणि 29. या जोड्यांत एककांची बेरीज दहा होते आणि दशकांची नऊ. शेवटी शून्य असलेल्या सोप्या जोड्या, म्हणजे 60 आणि 40, वेगळ्या ठेवायच्या, तिथे दशकांची बेरीजच दहा. एवढं एक कळलं की मूल शंभराचे सुट्टे डोळ्यांनी सांगतं.

आणि मग शेवटचा धडा, आपल्या देशी व्यवहाराचा: वरचे पैसे. आपल्या मुंबई महानगर भागात फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये झालं. आता पन्नासची नोट दिली तर रिक्षावाल्याला 24 रुपये परत द्यायचे. त्याच्याकडे चार रुपये सुट्टे कुठून येणार? तो म्हणतो, “एक रुपया सुट्टा द्या.” आपण 51 देतो, तो पंचवीस देतो. किंवा आपण तीस आणि वर एक देतो, तो पाचाचं नाणं परत देतो. पैसे परत घ्यायचे असताना अजून पैसे का द्यायचे, हे मुलांना सुरुवातीला अजिबात कळत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी तर म्हणाली होती, “बाई, तो आपल्याकडूनच पैसे घेऊन आपल्यालाच देतोय.” अगदी बरोबर! हे ज्या दिवशी उमगतं, त्या दिवशी त्या मुलाचं वजाबाकीशी भांडण मिटलं असं समजा. पुढे बीजगणितात दोन्ही बाजूंना तेवढंच मिळवायचं, ते याच्यापेक्षा वेगळं काय आहे?

एक गोष्ट सांगते. आपल्याच सोसायटीतल्या एका पाचवीतल्या मुलाची. त्याला विचारून, नाव न घेता सांगते आहे. आईने त्याला पाचशेची नोट देऊन डेअरीत पाठवलं. दूध आणि पनीर मिळून 138 झाले. डेअरीत गर्दी, सकाळची वेळ. मुलाने दिलेले पैसे मुठीत धरले आणि घरी आला. आईने मोजले, 262. शंभर रुपये कमी. “वाटेत पाडलेस का? कुणाला दिलेस का? काही घेतलंस का?” मुलगा एकच सांगत होता, “त्यांनी दिले तेवढे आणले.” पण किती दिले होते, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने मोजलेच नव्हते. दोन दिवस त्या घरात कुणी ओरडलं नाही, कुणी मारलं नाही, पण मुलगा जेवताना मान खाली घालून बसायचा. तिसऱ्या दिवशी डेअरीवाल्याने आपल्या वॉचमनकडे निरोप पाठवला, “गल्ल्यात शंभर जास्त आहेत, त्या दिवशी त्या मुलाला कमी गेले असावेत.” भला माणूस. शंभर रुपये परत आले.

पण मला विचाराल तर त्या घरातून गेले होते ते शंभर रुपये नव्हेत. एका दहा वर्षांच्या मुलाच्या शब्दावरचा विश्वास दोन दिवस गेला होता. आणि त्याच्याजवळ स्वतःची बाजू मांडायला काहीच नव्हतं. गल्ल्याशेजारी उभं राहून त्याने “138, 140, 200, 500” असं म्हणत मोजलं असतं, तर तिथल्या तिथे अर्ध्या मिनिटात गोष्ट संपली असती.

म्हणून मी मुलांना सांगते, पैसे मोजून घेणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. समोरच्याचाही त्यात फायदा आहे. तो चुकला तर त्याला लगेच कळतं, आणि आपण चुकलो तर आपल्याला. वाण्याला राग येत नाही. उलट मोजून घेणारं मूल दिसलं की तोही जरा नीट मोजतो. आणि जास्त आले तर? तर तेवढ्याच चटकन परत द्यायचे. “काका, दहा जास्त दिलेत.” मला माहीत आहे, काही घरांत “राहू दे, त्याचा काय तोटा होतोय” असं म्हटलं जातं. मुलं ते ऐकतात. कमी आले तर भांडायचं आणि जास्त आले तर गप्प बसायचं, हे गणित मुलांना कधी शिकवू नका. गल्ल्यावर बऱ्याचदा पगारी माणूस असतो आणि रात्री हिशेब जुळला नाही तर फरक त्याच्याच खिशातून जातो.

रीतभातही शिकवायची असते. पैसे काउंटरवर फेकायचे नाहीत, हातात द्यायचे. चुरगळलेली नोट सरळ करून द्यायची. सकाळी सातला दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी पाचशेची नोट काढायची नाही, भाजीवालीची बोहनीसुद्धा झालेली नसते. सुट्टे नाहीत म्हणून गोळी हातात दिली तर “काका, रुपयाच द्या” असं हसून म्हणायचं. दहाचं नाणं चालत नाही असं कुणी म्हणालं तर सांगायचं, चालतं. रिझर्व्ह बँकेने वेगवेगळ्या चौदा नक्ष्यांची दहाची नाणी चलनात आहेत असं जाहीर केलेलं आहे. आणि पूर्वीचे एसटीतले कंडक्टर आठवतात? सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे राहिलेली रक्कम लिहून द्यायचे, आणि आपण उतरेपर्यंत ते तिकीट जपायचो. मुलांना हेही सांगा, राहिलेले पैसे लक्षात ठेवायचे, आपले दुसऱ्याकडचे आणि दुसऱ्याचे आपल्याकडचेही.

आता पालक म्हणतील, “बाई, हे सगळं ठीक आहे, पण ही मुलं मोठी होईपर्यंत नाणी तरी राहतील का?” कदाचित फार राहणार नाहीत. पण हिशेब राहील. मोबाइलवर 120 ऐवजी 1200 टाकले गेले तर ‘हे फार झालं’ असं मनाला लागायला हवं ना? ते लागतं कशामुळे? बाराशे म्हणजे किती, हे कधीतरी बोटांनी अनुभवलेलं असतं म्हणून. मॉलच्या बिलात एक वस्तू दोनदा लागली, हॉटेलच्या बिलात न मागवलेली रोटी आली, हे यंत्र सांगत नाही. ज्याने मनात आधीच “साडेचारशेच्या आसपास होतील” असा अंदाज बांधलेला असतो, त्यालाच ते दिसतं. म्हणून दुकानात शिरण्याआधी मुलाला विचारा, “किती होतील?” आणि बाहेर आल्यावर, “किती झाले?” फोनने पैसे भरले तरी हे दोन प्रश्न विचारता येतात.

आता थोडं वेगळं बोलते, आणि माझ्या मते हेच आज सगळ्यात महत्त्वाचं आहे.

आपल्या गेटजवळ इस्त्रीचं टेबल आहे. ते चालवणाऱ्यांची मुलगी सहावीत आहे. शाळा सुटली की ती कपडे मोजून द्यायला बसते. मी एकदा सतरा कपडे दिले, आठ रुपये नग. तिने कागद घेतला नाही. “दहाचे ऐंशी, पाचाचे चाळीस, दोनाचे सोळा. एकशे छत्तीस.” मी दोनशेची नोट दिली. “एकशे चाळीस, दीडशे, दोनशे,” म्हणत चौसष्ट रुपये माझ्या हातावर ठेवले. तीच मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली तेव्हा 200 वजा 136 या उभ्या मांडणीत अडकली होती. शाळेत तिला गणितात कच्ची म्हणतात.

ही एकटीची गोष्ट नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांचा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. एक नारळ 35 चा, तर दहा कितीला? मुलगा तीन नारळांचे 105 धरून चढत गेला, 210, 315, आणि वरचा एक मिळवून 350. बरोबर! गाड्यावर जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर देणारी ही मुलं तशीच गणितं कागदावर आली की चुकत होती. आणि अगदी अलीकडे, 2025 मध्ये, नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर असाच अभ्यास ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. बाजारातली मुलं तोंडी हिशेब झटपट करतात, पण शाळेतल्या पद्धतीच्या गणितात अडतात. आणि शाळेतली मुलं? ती वहीतलं गणित करतात, पण बाजारातला हिशेब त्यांना जमत नाही. म्हणजे दोघांकडेही अर्धं अर्धं आहे. एकाचं अर्धं दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपलं गेट आलं. गेटच्या आत वजाबाकीत पैकीच्या पैकी मिळवणारी पण एकोणसाठ न कळणारी आपली मुलं, आणि गेटजवळ तोंडी हिशेब करणारी पण वहीत अडकणारी ती. अंतर वीस पावलांचं. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, सीसीटीव्ही लावले, सोलर बसवलं. ही वीस पावलं मात्र तशीच राहिली.

म्हणून कमिटीपुढे एक सूचना ठेवते. येत्या रविवारी आपला आनंद मेळावा आहे. भेळ, कोकम सरबत, बटाटेवडा, पुस्तकं, खेळ, असे स्टॉल लागणारच आहेत. या वर्षी त्यातले मुलांचे स्टॉल फक्त रोख पैशांवर चालू द्या. क्यूआर कोड नाही, कॅल्क्युलेटर नाही. किमती मुद्दाम अवघड ठेवा, वडा अठराला, सरबत बाराला. खजिनदारसाहेबांनी बँकेतून हजार-दोन हजारांची चिल्लर आणून ठेवावी. तिचा एक स्वतंत्र ‘सुट्ट्यांचा स्टॉल’ करायचा, नोट घेऊन सुट्टे द्यायचे. आणि त्या स्टॉलची प्रमुख म्हणून त्या इस्त्रीवाल्यांच्या मुलीला बसवावं. मदतनीस म्हणून नव्हे, प्रमुख म्हणून. आपल्या मुलांनी तिच्या हाताखाली तोंडी हिशेब शिकावा. बदल्यात त्यांनी तिला उभी मांडणी दाखवावी. वॉचमनकाकांची दोन्ही मुलं, घरकामाला येणाऱ्या ताईंची मुलं, सगळ्यांना स्टॉलवर जागा द्या. कूपन त्यांना फुकट वाटण्यापेक्षा गल्ला त्यांच्या हातात द्या.

संध्याकाळी प्रत्येक स्टॉलने हिशेब द्यायचा. सुरुवातीची चिल्लर किती, विक्री किती, गल्ल्यात किती. पाच-दहा रुपयांचा फरक येईल. येऊ द्या. खिशातून भरून जुळवू नका. फरक कुठे आला हे मुलांनाच शोधू द्या. आपले खजिनदार दर वर्षी सर्वसाधारण सभेत ताळेबंद मांडतात, तेव्हा किती जण तो वाचतात ते मला माहीत आहे! आज वड्याचा हिशेब लिहिणारी मुलं उद्या या सोसायटीचा ताळेबंद वाचतील आणि उभं राहून प्रश्नही विचारतील. सुवर्णमहोत्सवाला त्यांच्यातलाच कुणीतरी इथे खजिनदार असेल.

आणि घरासाठी एवढंच करा. एक डबा ठेवा, त्यात दोन-तीनशे रुपयांची चिल्लर. आठवड्यातून एकदा मुलाला काहीतरी रोखीने आणायला पाठवा. यादी त्यानेच लिहायची, अंदाज त्यानेच करायचा, पैसे त्यानेच मोजून घ्यायचे आणि परत आल्यावर तुमच्यापुढे मांडायचे. चुकला तर रागवू नका, पुन्हा मोजायला सांगा. आजी-आजोबांना विशेष विनंती, हे काम तुम्ही घ्या. तुमच्याइतका वेळ आणि तुमच्याइतके पाढे आता घरात कुणाकडेच नाहीत.

बालमित्रांनो, तुम्हाला गृहपाठ देते. उद्या घरातली सगळी चिल्लर गोळा करा, ढीग लावा, मोठ्यापासून लहानापर्यंत मोजा. आणि आईला विचारा, “यातले पावणेदोनशे काढून दाखवू?”

 सोसायटीला आणि तुम्हा सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.